वीस ठिकाणांची फेरी आणि दोन हजार वर्षं

तासगावकडच्या दुकानदारांत एक मेसेज फिरतोय: ‘दुकान धरून २० ठिकाणं असली तर सगळ्यात कमी अंतराची फेरी शोधायला कॉम्प्युटरलाही दोन हजार वर्षं लागतात. ठिकाणं वाढली की डिझेल त्याच पटीत वाढणार. टेम्पो कसाही फिरवा.’ बेदाण्याच्या हंगामात द्राक्षं सुकवायच्या शेडवर डिपिंग ऑइल, म्हणजे सुकवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात ते तेल, पोचवणं हे माझं काम. हे वाचून लोक हिशेबच सोडतायत, म्हणून लिहितोय.

दोन हजार वर्षांचा आकडा खोटा नाही. २० ठिकाणांच्या फेऱ्या ६ वर १६ शून्यं इतक्या होतात. सेकंदाला १० लाख तपासल्या तर १,९०० वर्षं जातील. पण एकेक फेरी तपासायची गरजच नाही. १९६२ सालच्या हेल्ड-कार्प रीतीत अर्धवट वाटांची उत्तरं जपून, तीच वापरत पुढे जातात. तिला साधारण ४२ कोटी पायऱ्या पुरतात. त्याच वेगाने सात मिनिटं!

डिझेलचा मुद्दा साफ चूक. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना पाहणी आखत होते, तेव्हाच त्यांनी हेरलं होतं की ठरलेल्या मुलुखात पाहणीच्या जागा वाढवल्या तर चालायचं अंतर त्यांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतं. १९५९ मध्ये बियर्डवुड, हाल्टन आणि हॅमर्स्ली या गणितज्ञांनी ते सिद्ध केलं: जागा मुलुखभर सारख्या प्रमाणात, पण कशाही विखुरलेल्या आणि पुष्कळ असल्या, तर सर्वांत छोटी फेरी म्हणजे जागांची संख्या गुणिले क्षेत्रफळ, त्याचं वर्गमूळ, आणि त्याच्या एका ठरावीक पट; ही पट आजच्या हिशेबाने साधारण ०.७१. म्हणजे तेवढ्याच भागात शेड चौपट झाल्या, तर अंतर दुप्पट. रस्त्याकडेला दाटीने असल्या तर त्याहून कमी. हे सरळ रेषेतलं अंतर आहे, रस्त्याचं जास्त भरेल. पण वाढीची चाल तीच.

आणि ‘कसाही फिरवा’? ३० किलोमीटर बाजूच्या चौकोनात विखुरलेली २० ठिकाणं मनाला येईल त्या क्रमाने घेतली तर सरासरी ३१० किलोमीटर होतात. नीट क्रम लावला तर त्याच्या निम्म्याहूनही कमी.

हा प्रश्न अवघड नाही असं मी म्हणत नाही. कुठल्याही मांडणीला हमखास झटपट अचूक उत्तर देणारी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. पण ती धास्ती सगळ्यात वाईट मांडणीची आहे. त्याच हेल्ड-कार्प रीतीतले संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी १९७७ मध्ये दाखवलं की विखुरलेल्या पुष्कळ जागांचे छोटे तुकडे पाडून, प्रत्येकाचा मार्ग काढून जोडला, तर चूक नगण्य राहते. आमचा ड्रायव्हर सकाळी टेम्पोच्या फळीवर खडूने लिहितो: वर सावळजकडच्या शेड, खाली मणेराजुरीकडच्या, मध्ये एक रेघ. वरच्या संपल्याशिवाय तो रेघ ओलांडत नाही.