काकू, तुमचा फोन खाली घ्या

ठाण्यात नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये साखरपुडा होता. अंगठ्या झाल्या, ग्रुप फोटोसाठी मंडळी दाटीवाटीने उभी राहिली. मी समोरून फोन धरला, तेवढ्यात नवरीची मावसबहीण ओरडली, "फक्त आयफोनवाले पुढे राहा. काकू, तुमचा खाली घ्या ना, मध्ये येतोय!" शेजारच्या भाऊजींचं पोटही मध्ये येत होतं. ते खाली घ्यायला कोणी सांगितलं नाही.

बरं, हे फोटो जाणार कुठे? फॅमिली ग्रुपवर. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप इतका दाबतं की लाखाचा फोन कोणता आणि वीस हजारांचा कोणता, हे ओळखणाऱ्याला बक्षीस द्यावं. २०२३पासून पाठवताना एचडीचं बटण असतं, ते कोणी दाबत नाही. फोटो जसाच्या तसा हवा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. मी हे सांगायला गेले तर ती म्हणाली, "मी सगळ्यांना एअरड्रॉप करते ना." एअरड्रॉप ही ॲपलची फोनातून फोनात पाठवायची सोय, त्यामुळे सगळ्यांना म्हणजे आयफोन असलेल्या सगळ्यांना. उरलेले आम्ही मठ्ठा प्यायला गेलो.

तिथे मामा भेटले. नवरीचे मामा, ऐरोलीचे. एका हातात जिलबीची ताटली, दुसऱ्या हातात नवा कोरा आयफोन. हात अडकल्यामुळे मठ्ठ्याचा ग्लास त्यांनी मला धरायला दिला.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका. एकेकाच्या बजेटचा प्रश्न असतो."

"बजेटचा नाही हो मामा. मला अँड्रॉइडच आवडतो."

"असंच म्हणायचं असतं," मामा समजूतदारपणे म्हणाले. "परवापर्यंत मीही हेच म्हणायचो. काल मुलाने हा घेऊन दिला. प्रो आहे."

"मग काय फरक जाणवला?"

"खूप. हातात घेतल्याबरोबर जाणवतो."

"म्हणजे?"

"जड आहे."

त्यानंतर सुरक्षिततेवर प्रवचन झालं. "याच्यात कोणाचा बाप घुसू शकत नाही," असं ते म्हणत असतानाच फोन लॉक झाला आणि तोंडात अख्खी जिलबी असलेल्या मामांना फेस आयडी ओळख देईना. "वहिनी, जरा दाबा. एक दोन तीन चार पाच सहा." मठ्ठा वाढणाऱ्या पोऱ्यालाही पाठ व्हावा इतक्या खणखणीत आवाजात त्यांनी पासकोड सांगितला.

कुलूप उघडल्यावर कामं निघाली. पहिलं, रिंगटोन. आयओएस २६ ही आयफोनची प्रणाली येईपर्यंत त्याला स्वतःची रिंगटोन लावणं म्हणजे गॅरेजबँड नावाच्या ॲपमधून द्राविडी प्राणायाम होता. आता 'फाइल्स'मध्ये गाणं ठेवायचं, शेअरचं बटण दाबायचं आणि 'यूज ॲज रिंगटोन' निवडायचं. अट एकच, फाइल ३० सेकंदांच्या आत हवी. मामांकडची आरती पाच मिनिटांची होती. "मग काय आरती कापायची?" मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू नियम मी केला होता.

दुसरं, "जुने मेसेज कुठे गेले हो?" अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो, आयफोनवरचा आयक्लाउडमध्ये, आणि एकाचा दुसऱ्याला वाचता येत नाही. न्यायचेच असतील तर रीतसर मार्ग असा: जुन्या फोनवर 'मूव्ह टू आयओएस' ॲप घ्यायचं, दोन्ही फोन चार्जिंगला आणि एकाच वायफायवर ठेवायचे आणि यादीत व्हॉट्सॲपवर खूण करायची. हे सगळं नवा फोन सुरू करतानाच व्हायला हवं. सेटअप उरकून बसलात, तर फोन पुसा आणि पुन्हा पहिल्यापासून या. विकताना हे कोणी सांगत नाही. कव्हर मात्र दोन विकतात.

एवढ्यात डेकोरेशनवाला आला. बारा हजार बाकी. मामांनी ऐटीत क्यूआर स्कॅन केला. पेमेंट जाईना. पुन्हा केला, पुन्हा जाईना. कारण असं की फोन बदलला की बहुतेक बँका सुरुवातीला यूपीआयवर एकूण ५,००० रुपयांचीच मर्यादा ठेवतात. अँड्रॉइडवर ही शिक्षा २४ तासांची, आयफोनवर ७२ तासांची.

"तुमच्यावरून होईल का हो?" मामांनी विचारलं.

माझ्यावरून झालं. डेकोरेशनवाला गेला, मामांनी उरलेली जिलबी उचलली आणि म्हणाले, "बघा, साधा फोनही कधीकधी उपयोगी पडतो."

मला खरा राग येतो तो इथे. साडीच्या दुकानात चाळीस साड्या उलगडायला लावून 'काठ नाही आवडला' म्हणून उठता येतं, दुकानदार मान डोलावतो. फोनच्या बाबतीत 'आवडतो' हे कारण चालत नाही. आयफोन नाही म्हणजे परवडत नाही, आणि आहे म्हणजे हप्ते चालू आहेत, असे दोनच निष्कर्ष. आवडीला कारणं असतात हो, पण ती सांगायला घेतली की समोरचा मठ्ठा आणायला जातो.

सांगतेच. संध्याकाळच्या ठाणे–वाशी लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला असतो, फोन दुसऱ्या हातात. अँड्रॉइडवर मागे जायला डाव्या किंवा उजव्या, कुठल्याही कडेवरून अंगठा आत सरकवला की झालं. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून ही सोय आहे. आयफोनवर हे ॲपगणिक बदलतं. कुठे डाव्या कडेवरून सरकवायचं, कुठे वरच्या डाव्या कोपऱ्यातला बाण गाठायचा. उजव्या हाताचा अंगठा तिथे पोचेपर्यंत रबाळे येतं. 'रीचेबिलिटी' चालू केली तर तळाशी खाली ओढून पडदा अर्धा खाली येतो, पण ती सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टच, अशी आत दडलेली. उलट बाजूही सांगते. जुना आयफोन विकायला काढला तर भाव चांगला येतो, आणि चालताना काढलेला व्हिडिओ बघून गरगरत नाही. आयफोनला वर्षानुवर्षं अपडेट मिळतात, हा मुद्दा पूर्वी बिनतोड होता. २०२३च्या पिक्सेल ८ने आणि २०२४च्या गॅलेक्सी एस२४ने सात वर्षांचे अपडेट देऊ केले, तेव्हापासून तो वाद महागड्या फोनांपुरता तरी मिटला. पंधरा हजारांच्या अँड्रॉइडला मात्र सात वर्षांची आशा लावू नका.

हेच वेड आता कम्प्युटरपर्यंत आलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे नेहमीचे अपडेट, संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो, त्यामुळे धडधाकट मशिनं बाद ठरली. भाचा म्हणाला, "मावशी, मॅक घे, डोक्याला ताप नाही." मी सोसायट्यांचे हिशेब टॅलीत लिहिते, आणि टॅली थेट चालते ती विंडोजवर. २०२०पासून आलेल्या ॲपल चिपच्या मॅकवर बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज टाकायची सोय, नाही. विंडोज हवं असेल तर ते आभासी मशिनमध्ये, म्हणजे मॅकच्या आत वेगळ्या सॉफ्टवेअरवर चालवा. शिवाय मेमरी बोर्डावरच पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. घेतानाच १६ जीबी बघून घ्यायची. हे ऐकून भाचा म्हणाला, "पण मॅक दिसतो किती भारी!" दिसतो. ताळेबंद जुळवायला त्याचा उपयोग होत नाही.

तरीही मोकळ्या मनाने बघावं म्हणून गोखले रोडवरच्या एका दुकानात गेले. डेमोचे फोन दोरीला बांधलेले, मराठी कीबोर्ड एकातही नाही. तो आपणच टाकायचा: आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, अँड्रॉइडवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या भाषांमध्ये. मग 'दुसऱ्यांच्या' लिहून बघायचं. त्यातला ऱ्य पहिल्या फटक्यात उमटला तर पुढे बोलणी. विक्रेता मुलगा मराठीच होता. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मॅडम, कॅमेरा बघा ना." मी म्हटलं, तू लिहून दाखव. त्याने ते इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि विचारलं, "असं चालतं ना?"