आईसाठी ‘फुल बॉडी चेकअप’ बुक करण्याआधी

आईच्या साठीला किंवा महिला दिनाला ‘फुल बॉडी चेकअप’ भेट द्यायची पद्धत आता चांगलीच रुजली आहे. घरी माणूस येतो, तीन-चार नळ्या रक्त नेतो, संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ. ‘८० तपासण्या’ म्हणून जाहिरात असते, पण सीबीसीमधला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतला, एकेक आकडा वेगळा मोजला की ऐंशी व्हायला वेळ लागत नाही. साठीपुढच्या बाईचं जे आवर्जून बघायला हवं ते बहुतेक रक्तात सापडतच नाही. गर्भाशयाचं तोंड, स्तन, हाडं, चाल. डॉक्टरने हात न लावता झालेलं चेकअप माझ्या मते अर्धंही नाही.

साधं बीपी घ्या. जिना चढून आलेली बाई खुर्चीला टेकते न टेकते तोच पट्टा बांधला जातो, पाय लोंबकळताहेत, तोंडाने बोलणं चालू आहे. आकडा सहज दहा-पंधराने वर जातो आणि गोळी सुरू होते किंवा वाढते. पाच मिनिटं गप्प बसवायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर टेकवलेला, पट्टा बाहीवरून नाही तर उघड्या दंडावर. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटंच जास्त येतं. आधी अर्धा तास चहा नको, आणि मिश्रीही नको. तिच्यातलं निकोटिन बीपी चढवतं. (मिश्री लावणाऱ्या बाईचं तोंडही आतून बघून घ्या. पांढरा-लाल चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर तिथूनच पुढे पाठवायचं.) एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर रात्री बाथरूमला उठताना ही बाई पडू शकते. हे उभ्याने घेतलेलं बीपी फार थोडे लोक मोजतात.

आता गर्भाशयमुखाचा कॅन्सर. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी होते, पांढरा डाग उठतो का ते बघतात. तरुण बायकांसाठी हे ठीक. पाळी गेल्यावर मात्र जो भाग बघायचा असतो तोच आत सरकतो, त्यामुळे ‘काही दिसलं नाही’ म्हणजे ‘काही नाही’ असं होत नाही. इथे एचपीव्ही चाचणी उजवी, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू गर्भाशयमुखात आहे का ते बघणारी. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास सुरू झाला. एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ॲसिड किंवा पॅपच्या (गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याच्या) गटांत तसा ठोस फरक दिसला नाही. आपल्याच गावांतला पुरावा आहे, पण पॅकेजवाल्यांच्या यादीत ही चाचणी क्वचितच दिसते. मागच्या दहा वर्षांचे रिपोर्ट स्वच्छ असतील तर ६५ नंतर थांबता येतं. ज्या बाईची तपासणी कधीच झाली नाही तिला ‘आता या वयात कशाला’ म्हणणं चूक.

‘पिशवी काढलीय’ म्हटलं की विषय संपतो, तोही संपायला नको. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. कशासाठी काढली, मुख ठेवलं का, अंडाशय काढले का? बीडकडच्या ऊसतोड बायकांची पिशवी तिशी-पस्तिशीत काढल्याची प्रकरणं सगळ्यांना माहीत आहेत. अंडाशयही गेले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, मग डेक्सासाठी ६५ ची वाट बघायची नाही. डेक्सा म्हणजे खुबा आणि कंबरेच्या मणक्यांची घनता मोजणारी तपासणी. शिबिरात टाचेला लावतात ते यंत्र वेगळं, त्यावर औषध सुरू करू नये. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण बाईच्या हाडांशी तुलना करून येणारा आकडा, -२.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. वयस्कर बाईच्या झिजलेल्या मणक्यांमुळे कंबरेचा आकडा फसवा, बरा दिसतो, म्हणून खुब्याचाही नीट बघा. घरी करता येण्यासारखं एक: खुर्चीतून उठून तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी लागला तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडू नका. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ४ मिमीपेक्षा जाड दिसलं तर तुकडा तपासायला हवा. पाळी गेल्यावर असा डाग लागलेल्या दहा बायकांतल्या साधारण एकीला कॅन्सर निघतो, आणि लवकर पकडला तर तो बहुतेकदा बरा होतो.

पण हे तिने सांगायला तर हवं! मुलगा शेजारी बसला असताना आई ‘अंग बाहेर येतं’ किंवा ‘खोकलं की लघवी होते’ असं बोलत नाही. डॉक्टरांसोबत दहा मिनिटं तिला एकटीला बसू द्या.

रक्त तपासा, जरूर तपासा, पण समजून. लोह कमी असेल तर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) खोटं जास्त येऊ शकतं. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या थायरॉईडचा रिपोर्ट बिघडवतात, त्या निदान दोन दिवस आधी बंद. काहीच त्रास नसताना सीए-१२५ ही अंडाशयाच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी करू नका, त्यातून निष्कारण घबराट होते. लघवीत जंतू आले पण जळजळ, ताप काही नाही, तर अँटिबायोटिक लागत नाही. आणि उपाशीपोटी रक्त द्यायचंय म्हणून सकाळची बीपीची गोळी चुकवायची नाही, ती घोटभर पाण्यासोबत घ्यायची. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मात्र नाश्ता समोर आल्यावरच.