लॉगबुक जपताना

दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकाचं लॉगबुक (उड्डाणांच्या नोंदींची वही), पत्रं, पदकं कोकणातल्या गावातलेच स्वयंसेवक सांभाळतायत, हे तुमच्या संग्रहावरच्या लेखात वाचून फार बरं वाटलं. पण फोटोत लोखंडी कपाट समुद्राकडच्या भिंतीला टेकलेलं दिसतंय. ते पावसाळ्याआधी वीतभर पुढे ओढा; ओल भिंतीतूनही येते. आत आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवा. आर्द्रता 65 टक्क्यांवर टिकली की कागदावर बुरशी धरते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याहून खूप वर असते. ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या पुड्या गुलाबी झाल्या की बदला.

बुरशी आलीच तर ओली असताना पुसू नका, डाग आत मुरतो. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात सुकवून मऊ ब्रशने, मास्क लावून झाडा. लॅमिनेशन तर कृपा करून नकोच! ते पुन्हा काढता येत नाही. पदकांना पॉलिशही नको, अक्षरं झिजतात.

आणि संग्रह ट्रस्टच्या नावावर असेल, तर विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 चा चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती) द्या. तो राहिला की बँकेत सह्या बदलताना अडतं आणि मदतीचे पैसे खात्यात नुसते पडून राहतात.