सुईपेक्षा खोकं जड

माझ्या रेकॉर्ड प्लेयरची सुई झिजली आणि तसली सुई विकणारा एकमेव भला माणूस समुद्रापलीकडचा निघाला. किंमत रडवणारी नव्हती. वजन तर फुंकर मारली तर उडेल एवढं. मी उत्साहात 'खरेदी करा' दाबलं, तर पुढच्या पानावर प्रश्न: पाठवायचं कसं? खाली चार पर्याय. साधं टपाल, ट्रॅकिंगवालं टपाल, एक्सप्रेस कुरिअर आणि चौथ्यासमोर नुसतं 'डीडीपी'. बाकी एक अक्षर नाही. कुणाला कळायचं असेल त्याला कळेल, असा एकूण बाणा.

अशा वेळी माणूस डोळे झाकून सगळ्यात स्वस्त पर्यायावर बोट ठेवतो. मी ठेवलं नाही, कारण दारात आलेल्या पार्सलापेक्षा पार्सलामागून आलेल्या बिलाच्याच कहाण्या मी जास्त ऐकल्या आहेत. शिवाय घरात मेव्हणा होता. तो या विषयातला जाणकार. स्वतः कधी काही मागवत नाही, त्यामुळे अनुभवाने त्याचं ज्ञान कुठे डागाळलेलं नाही.

"दाजी, सोपं आहे. त्याला वर 'गिफ्ट' लिहायला सांगा. किंमत टाकायची पाच डॉलर."

म्हणजे ज्याचं तोंड मी पाहिलेलं नाही आणि ज्याला मी रोख पैसे मोजलेत, तो मला प्रेमाने सुई भेट देणार. वर दुकानाचा शिक्का, आत छापील बिल. कस्टम्सचा अधिकारी हे बघून गहिवरेलच. भेटवस्तूची सवलत जिथे आहे तिथे ती साधारणपणे घरगुती माणसाने घरगुती माणसाला पाठवलेल्या वस्तूला असते. दुकानदाराच्या जिव्हाळ्याला नसते. आणि पार्सल हरवलं, तर भरपाई मागताना तेच पाच डॉलर माझ्या तोंडावर फेकले जाणार.

"मग दोन पार्सलं करायला सांगा. ठरावीक रकमेच्या आत काही लागत नाही."

एक सुई दोन पार्सलांत कशी पाठवतात, हे मी विचारलं नाही. त्याच्याकडे उत्तर असतं. पण ज्या माफीच्या भरवशावर तो बोलत होता, ती एकेका देशातून केव्हाच उठत चालली आहे. युरोपियन युनियनने २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ पासून बंद केली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल करमुक्त सुटायचा, तेही २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबलं. मेव्हण्याच्या डोक्यात मात्र ती अजून लागू आहे.

मी एक्सप्रेसकडे वळलो. तिथे वजनाचं कोडं. कुरिअरवाले खरं वजन बघतातच, पण खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात आणि दोन्हींत जे जास्त येईल त्याचं भाडं लावतात. विकणाऱ्याने खोक्याचा फोटो पाठवला होता. ४० बाय ३० बाय २५, आत हवा भरलेल्या पिशव्या आणि त्यांच्या पोटात कुठेतरी माझी सुई. हिशेब केला: सहा किलो. पाच किलो नऊशे नव्व्याण्णव ग्रॅम हवा मी विमानाने मागवणार होतो.

बरं, भाडं भरलं की सुटलो, असंही नाही. बऱ्याच देशांत शुल्क नुसत्या वस्तूवर लागत नाही. वस्तू, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर लागतं. समजा वस्तू १०० ची आणि भाडं ६० चं. दहा टक्के शुल्क १६ झालं. मग या १७६ वर वीस टक्के व्हॅट, म्हणजे आणखी ३५. मी हवेचं भाडं भरणार, भाड्यावर शुल्क भरणार आणि शुल्कावर कर भरणार. एवढं करून कुरिअर कंपनी सांगते की तुमचा कर आम्ही आधी भरला, त्या उपकाराची फी वेगळी. वस्तू लहान असेल तर कधी कधी ही फी करापेक्षा मोठी असते. टपालाची फी सहसा कमी असते, पण ट्रॅकिंगवर 'रवाना झाले' एवढं वाचून पुढे श्रद्धा ठेवावी लागते.

सगळ्यात घाम फुटला तो फॉर्म बघून. विकणाऱ्याने सीमाशुल्काच्या कागदावर वर्णन म्हणून एकच शब्द लिहिला होता: सुई. जगभरचा माल सहा आकडी एचएस कोडमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या वर्गवारीत, बसवलेला असतो आणि त्यात सुया जागोजागी पसरल्या आहेत. नुसते पहिले चार आकडे बघा. हाताने शिवायची सुई ७३१९ मध्ये. शिलाई मशीनची ८४५२ मध्ये. इंजेक्शनची ९०१८ मध्ये. माझी बिचारी ८५२२ मध्ये, ध्वनियंत्रांच्या सुट्या भागांत. अधिकाऱ्याला इंजेक्शन सुचलं असतं, तर माझ्याकडे डॉक्टरची चिठ्ठी मागितली असती आणि मी त्याला जुनी गाणी ऐकवत बसलो असतो. विकणाऱ्याला लिहिलं, "रेकॉर्ड प्लेयरची सुई, ८५२२, आणि कृपा करून लहान खोकं." त्याचं उत्तर आलं, "काळजी नको, मोठं खोकं आमच्याकडे फुकट असतं."

खोक्यावर दोन दिवस वाटाघाटी झाल्या. शेवटी तो पाकिटावर उतरला.

राहिला डीडीपी. अर्थ एवढाच की शुल्क आणि कर विकणारा भरतो, म्हणजे माझ्याचकडून आधी घेऊन भरतो. याचा भाऊ डीएपी; त्यात माल दारापर्यंत येतो आणि कराचं बिलही त्याच्याबरोबर हात पसरून येतं. काही दुकानदार अजून त्याच अर्थाने डीडीयू लिहितात, जो इन्कोटर्म्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या अशा अटींच्या यादीच्या, २०१० च्या आवृत्तीतच काढून टाकला आहे. 'फ्री शिपिंग' या दोन शब्दांत यातलं काहीच येत नाही, हे मात्र सगळेच सोयीने विसरतात. डीडीपीचा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा छातीत धस्स झालं. पण तोच शेवटचा आकडा होता, त्याच्या मागे शेपूट नव्हतं. विकणाऱ्याकडून "दारात काही द्यावं लागणार नाही" असं लेखी घेतलं आणि पैसे भरले.

आठवड्याने मोबाईलवर मेसेज: 'आपले पार्सल कस्टम्समध्ये अडकले आहे. किरकोळ शुल्क भरण्यासाठी खालील लिंक दाबा.' माझा कर आधीच भरलेला, त्यामुळे ही लिंक भामट्याची आहे हे लगेच कळलं. मी तो मेसेज उडवला आणि मेव्हण्याला सावध करायला फोन लावला. त्यालाही तोच मेसेज आला होता. आयुष्यात काही मागवलेलं नाही, तरी पैसे भरून मोकळा झाला होता.

"अहो दाजी," तो म्हणाला, "मला वाटलं, कुणीतरी गिफ्ट पाठवलं असेल."