हिरो पाहिजे: वय सतरा, गेली शंभर वर्षं

तरुण वाचकांसाठी भुताखेतांची प्रेमकथा लिहायची म्हणता? तीही चार भागांची, आणि तीही नागपुरात बसून? लिहा बाप्पा, काहीच कठीण नाही. या कामाला धीर फार लागतो म्हणतात, पण तो वाचणाऱ्याला लागतो, तुमचं त्यात काही जात नाही.

नमुना समोर ठेवा. स्टेफनी मायर बाईंची 'ट्वायलाइट' मालिका, २००५ ते २००८, चार जाडजूड भाग. मी चारही वाचले. पहिला आवडीनं, दुसरा आशेनं, आणि पुढचे दोन पैसे गेलेच आहेत म्हणून.

आधी हिरो. मायरबाईंचा हिरो १९१८ च्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारं अमर भूत, झाला आणि तेव्हापासून सतराचाच राहिला. ती साथ आपल्याकडेही आली होती. मानमोडी म्हणायचे तिला, आणि मध्यप्रांतात तिनं घरंच्या घरं रिकामी केली. म्हणजे तुमचा हिरो तयारच आहे की! नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातला पोरगा, मुंज झालेली, सोडमुंज राहिलेली, मानमोडीत गेला आणि मागच्या पिंपळावर जाऊन बसला. मुंजा. आयता, घरचा, रॉयल्टी नसलेला.

आता एवढ्या वर्षांत या पोरानं काय काय पाहिलं असेल! १९२० चं काँग्रेसचं अधिवेशन. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांच्या दीक्षेसाठी लोटलेला जनसागर. त्याला तीन आठवडे होत नाहीत तोच नागपूरचं राजधानीपण भोपाळला गेलं, तेही. यातल्या एकाही गोष्टीवर त्याला चकार शब्द काढू देऊ नका. शंभर वर्षांचं शहाणपण त्यानं फक्त दोन कामांना वापरायचं: अकरावीच्या वर्गात येऊन बसायचं आणि नायिकेच्या अंगाला कसा जीवघेणा गंध येतो हे सांगत राहायचं. तो बिचारा ओडोमॉसचा असला तरी चालेल. आणि इतकी वर्षं हा अकरावीतच कसा, याची चिंता करू नका. नागपुरात कुणी विचारणार नाही. रिपीटर बॅचचा आहे, एवढं पुरतं.

खऱ्या मुंजाची एकच अडचण आहे, तो फार स्पष्ट. त्याला लग्न करायचं असतं आणि हे अख्ख्या मोहल्ल्याला माहीत असतं. तुमच्या मुंजाला असा सरळपणा परवडणार नाही. त्यानं एका पानावर "माझ्यापासून दूर राहा" म्हणायचं आणि पुढच्याच पानावर क्लासच्या गेटपाशी उभं राहायचं. असं चारशे पानं.

उन्हाचं मात्र आधी ठरवून घ्या. १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरायचा, फक्त त्याची शक्ती तेवढी कमी व्हायची. १९२२ च्या जर्मन मूकपटात उन्हानं व्हॅम्पायरचा जीव घेतला. २००५ मध्ये तो उन्हात हिऱ्यासारखा चमकायला लागला. पोराचं नाव खराब होत होत इथवर आलं. मायरबाईंनी त्याला अमेरिकेतल्या सदा पावसाळी गावात ठेवला म्हणून निभावलं. तुमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. तरी घाबरू नका, नागपुरात दुपारी घराबाहेर पडणारा प्रत्येक माणूस डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्ट्यात गुंडाळलेला असतो. तुमचा मुंजा शंकरनगर चौकात सिग्नलला उभा राहून आतल्या आत लखलखला, तरी शेजारचा म्हणेल, "भाऊ, स्टँड वर घ्या."

पंचाईत नायिकेची आहे. प्रथमदर्शनी प्रेम व्हायला दर्शन तर व्हायला पाहिजे. ती ॲक्टिव्हावर, तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. दिसतं काय, तर नंबर प्लेट. पण काळजीचं कारण नाही, कारण स्कार्फच्या आतही तुम्हाला फारसं काही ठेवायचं नाहीये. तिला आवडीचा विषय देऊ नका, छंद देऊ नका, मैत्रीण दिलीच तर तिसऱ्या प्रकरणात विसरा. ती सारखी धडपडते एवढा स्वभाव पुरे. चार भागांत तिला एकच गोष्ट हवी असली पाहिजे, तो. आणि भूक लागली तरी तिनं तर्री पोहे खायचे नाहीत, नुसती प्लेट चिवडायची. इथं नागपूरकर वाचक पुस्तक मिटू शकतो, तेव्हा हा भाग जपून लिहा.

यानंतर खिडकीचा प्रसंग, मालिकेचा प्राण. हिरो रात्री तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिला बघत बसतो. रोज. तिला कळतं तेव्हा ती लाजते. नागपुरात उन्हाळ्यात हे जमणं अवघड आहे, खिडकीत कूलर बसवलेला असतो. मुंजा आला तरी वाळ्याच्या जाळीत अडकणार आणि पंप बंद पडला म्हणून आई उठणार.

"कोण होता गं तो?"

"आई, तो मला झोपेत बघत होता."

"काऊन? त्याच्या घरी टीव्ही नाही का?"

तिसऱ्या भागात हिरो नायिकेच्या गाडीच्या इंजिनातला एक भागच काढून ठेवतो, तिनं मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून. तुम्ही ॲक्टिव्हाचा प्लग काढा. आपल्या जुन्या भुतांची माणसांना भीती वाटायची, नारायण धारपांच्या भयकथा वाचल्यावर रात्री मोरीकडे जायला सोबत लागायची. या मालिकेनं भुतातली सगळी भीती काढून घेतली आणि गुपचूप प्रियकरात भरली. वर त्यालाच प्रेम म्हटलं. हेच काम जिवंत पोरानं बर्डीच्या बाजारात केलं तर त्याला भारतीय न्याय संहितेचं पाठलागाचं कलम ७८ लागतं. मुंजा मेलेला असल्यामुळे त्याला सूट.

दुसऱ्या भागात तो तिला सोडून जातो. मूळ पुस्तकात या दुःखाला ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी कोरी पानं दिली आहेत, वर नुसतं महिन्याचं नाव. तुम्ही एकच पान द्या, "मे". नागपूरकराला समजेल. मे महिन्यात आपल्याकडे प्रेमभंग नसतानाही काहीच घडत नाही.

दुसरा हिरोही लागतो. तिकडे माणूस-लांडगा होता, तुम्ही पेंचकडचा माणूस-वाघ घ्या. त्याला डिसेंबरातही शर्ट देऊ नका. हा तिच्याशी नीट बोलतो, हसवतो, सावजीचं बिल भरतो, म्हणून वाचक त्याच्या बाजूचे होतात. तेच रोखायचं आहे. चौथ्या भागात नायिका मुंजाशी लग्न करते, तिला मुलगी होते, आणि उरलेल्या हिरोचं काय करायचं हा प्रश्न पडतो. उत्तर मूळ मालिकेत आहे, माझ्या माथी मारू नका: त्याची जन्माची गाठ त्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीशी बांधली जाते. काहीतरी जादूचं कारण दिलंय. हे प्रकरण छापायला देण्याआधी घरातल्या कुठल्याही आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. मात्र लाटणं आधी हलवा.

चार भाग झाले म्हणजे सुटलात असं समजू नका. मायरबाईंनी २०२० मध्ये पहिलीच गोष्ट हिरोच्या तोंडून पुन्हा सांगितली, तुम्हीही पिंपळावरून सांगा. पानं वाढतात आणि नवं काही सुचावं लागत नाही. त्याआधी २०१५ मध्ये तीच गोष्ट मुलाच्या जागी मुलगी आणि मुलीच्या जागी मुलगा घालून आली होती. तो प्रयोगही करून टाका. फक्त मुंजाच्या जागी हडळ घ्यावी लागेल आणि तिचे पाय उलटे असतात. असू द्या, ॲक्टिव्हाचे दोन्ही ब्रेक हातातच असतात.