मुद्दा क्रमांक दोन आणि पाण्याची बादली

पंधरा दिवसांपूर्वी परभणीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "अक्का, मावशीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं गं मामांनी." मावशी म्हणजे तिच्या चौदा महिन्यांच्या लेकराला सकाळी दहा ते दोन सांभाळणारी बाई, आणि मामा म्हणजे बहिणीचे सासरे. कारण विचारलं तर एक मेसेज. 'घरून काम करणारी आई : जगातली सर्वांत सुखी बाई', वर गुलाबाचं फूल, खाली 'प्रत्येक सुनेपर्यंत पोचवा'. मामांनी तो सुनेपर्यंत पोचवला, आणि वर दोन्ही घरांच्या गटातही टाकला. हा गट लग्नाच्या वेळी गाड्यांचा आणि आहेराचा हिशोब ठेवायला केलेला. तो बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तोच मेसेज त्याआधी मला तीन ठिकाणांहून आला होता. न वाचता वर सरकवला होता. मावशीचं काम गेलं म्हटल्यावर वाचला. सात मुद्दे आहेत. सगळ्यांना सारखा वेळ द्यायची माझी तयारी नाही, कारण आज 18 तारीख आहे आणि 20 ला जीएसटीची 3 बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायची असते. मी लातुरात घरी बसून दुकानदारांची रिटर्न्स भरते. म्हणजे मेसेजच्या हिशोबाने मीही सुखी.

मुद्दा 1 : प्रवास नाही, खर्च नाही, पगार पूर्ण.

यातलं प्रवासाचं खरं आहे. जिवावर येतं, पण मान्य करते. हे काम घरून करता आलं नसतं तर मला पुणं गाठावं लागलं असतं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. माझी लेक पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मी समोर होते. पुढ्यात कुणाची तरी खरेदीची बिलं होती, पण होते. आता 'खर्च नाही'. ज्याने हे लिहिलं त्याने इन्व्हर्टरची बॅटरी एकदा स्वतःच्या पैशाने बदलून बघावी. मे महिन्यात दुपारी लाइट गेली की पंखा चालवायचा की नेट, हेही ठरवून बघावं.

मुद्दा 2 : लेकरू डोळ्यांसमोरच असतं. पाळणाघर, बाई यांवर पैसे उधळू नका.

मावशी बंद झाली ती याच मुद्द्यावर, म्हणून इथे थांबते.

बहीण एका कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेते. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन. पाच मिनिटं हात हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि साहेबाचा मेसेज येतो. लेकरू तिच्या डोळ्यांसमोर असतं हे खरंच. पण तिचे डोळे असतात कुठे? पलीकडचा माणूस कार्ड बंद झालं म्हणून ओरडत असतो, ती त्याचा नंबर टिपत असते. बँकेतल्या कॅशियरच्या समोर पण रांग असते, म्हणून काय रांगेतल्या लेकरांवर त्याचं लक्ष असतं?

मावशी बंद झाल्याच्या चौथ्या दिवशी काय झालं ते सांगते. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते आपल्याला माहीत आहे. पाणी आलं की पिंप, टाकी, बादल्या, घागरी, पोळ्यांचा डबासुद्धा भरून ठेवायचा. मी तर 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं बघितलेल्या गावची. लातूरच्या बाईला रिकामी बादली बघवत नाही. परभणीत बहिणीकडेही मोरीच्या दाराशी ओळीने बादल्या, काठोकाठ. ती खोलीत फोनवर होती, दार उघडं, लेकरू थोड्या अंतरावर प्लास्टिकच्या वाटीशी खेळतंय. मामा पेपर आणायला खाली गेलेले, सासूबाई देवापुढे. वाटी बादलीत पडली. लेकरू उभं राहिलं, बादलीची कड धरली आणि वाकलं.

समोरच्या घरातल्या काकूंना ते खिडकीतून दिसलं. त्या ओरडत आल्या, दंडाला धरून मागे ओढलं. नाकातोंडात थोडं पाणी गेलं, रडलं, निजलं. झालं एवढंच. बहिणीला काही ऐकूच आलं नव्हतं, कानात हेडफोन. आणि हेडफोन नसते तरी ऐकू आलं नसतं. या वयाचं लेकरू डोक्याकडून जड असतं, बादलीत तोंडावर गेलं की त्याला परत सरळ होता येत नाही, आणि बुडणारं लेकरू आरडाओरडा करत नाही. त्याला चार बोटं पाणी पुरतं.

हे सगळं 'डोळ्यांसमोर' घडलं. सहा पावलांवर.

मुद्दा 3 : बायकांचा मेंदूच एका वेळी तीन-चार कामं करण्यासाठी घडलेला आहे, हे विज्ञानाने सिद्ध झालंय.

कुठल्या विज्ञानाने? 2019 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. 48 बायका आणि 48 पुरुष बसवले, अक्षरं-आकडे ओळखायची दोन कामं कधी एकदम दिली, कधी आलटून पालटून. दोघांचाही वेग घसरला, दोघांच्याही चुका वाढल्या, आणि घसरण्यात बाई-पुरुष असा फरक काही निघाला नाही. म्हणजे आमच्या डोक्यात जास्तीचा मेंदू बसवलेला नाही. आम्ही तीन कामं एकदम करतो कारण घरातलं दुसरं माणूस उठत नाही.

मागच्या महिन्यात मी एका हातानं धपाटं उलटत, दुसऱ्या हातानं एका किराणा दुकानदाराचं जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरत होते. ते 11 तारखेच्या आत जावं लागतं. धपाटं चांगलं झालं. बिलाच्या रकमेत शून्य जास्त पडलं. पुढच्या महिन्यात दुरुस्ती टाकताना त्या माणसाला काय समजवायचं, माझा मेंदू तसा घडलेला आहे म्हणून?

मुद्दा 4 : दुपारी निवांत झोप.

इथे मात्र आकडे देते, कारण हा मुद्दा बायकासुद्धा एकमेकींना ऐकवतात. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने 2024 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणूस घरी येऊन विचारतो : काल पहाटे 4 पासून आज पहाटे 4 पर्यंत काय काय केलंत, अर्ध्या अर्ध्या तासाने सांगा. त्यात बिनपगारी घरकामाचा बायकांचा वेळ निघाला दिवसाला 289 मिनिटं, पुरुषांचा 88. आणि ते 88 सगळ्या पुरुषांचे नाहीत बरं. जे घरकाम करतात त्यांचीच ती सरासरी, चारातले जवळपास तिघे त्या हिशोबात येतच नाहीत. लेकरं-म्हातारी सांभाळण्याचं वेगळं धरलंय, करणाऱ्या बायका 137 मिनिटं, करणारे पुरुष 75.

आता आठ तासांची ड्यूटी, त्यात 289 आणि 137 मिळवा. पंधरा तास सहा मिनिटं. सरासऱ्या अशा मिळवायच्या नसतात हे मला कळतं, पोट त्यावरच आहे. पण अंदाज येतो. उरलेल्या जेमतेम नऊ तासांत रात्रीची झोप, आंघोळ, जेवण. दुपारची झोप यात कुठे बसवायची ते मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावं. गेल्या येळवसीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळं घर शेतात आंबील पीत होतं, आणि मी कडब्याच्या कोपीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मोबाइलच्या नेटवर पोर्टल फिरायची वाट बघत होते. तारीख तोंडावर होती. एक दिवस चुकला की रोजचे 50 रुपये दंड. कोपीत पूजेला आलेल्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी तरी ठेव की गं ते खेळणं."

मुद्दा 5 : आपल्या आज्या लेकरू घेऊन शेतात राबल्या, कधी कुरकुर केली नाही.

मामांचा हा आवडता. गटात त्यांनी याच्याखाली स्वतःची ओळ घातली होती, 'आमच्या आईने पाच वाढवली.' वाढवली असतील. माझ्या आजीनेही सहा वाढवली. बांधावरच्या लिंबाला झोळी बांधायची आणि खुरपायला जायची. पण झोळीला झोका देत कोण बसायचं? माझी आई. थोरली ना! चौथीतून तिची शाळा सुटली ती पाठच्या दोघांना सांभाळायला. आजीलाही लेकराकडे बघणारं माणूस होतंच. ते आठ-नऊ वर्षांचं होतं आणि त्याला पगार नव्हता, एवढंच. ऊसतोडीच्या फडावर आजही कोपीपाशी धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली थोरली पोरगी दिसते. कुरकुर नव्हती म्हणे. विचारली कुणी?

मुद्दा 6 : आता कायद्यानेच आईला घरून काम मिळतं.

अर्धवट ऐकलेलं. 2017 मध्ये मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, पहिल्या दोन बाळंतपणांची रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. घरून कामाचंही त्यात लिहिलं, पण कसं? कामाचं स्वरूप तसं असेल तर, रजा संपल्यावर, मालक आणि ती बाई दोघांचं जमेल तसं. 'द्यावंच लागेल' असं नाही. त्याच दुरुस्तीत 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असंही आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनाही कळलं होतं की काम करणाऱ्या आईच्या लेकराला दुसरं माणूस लागतं. मुद्दा दोन आणि मुद्दा सहा एकाच मेसेजमध्ये आहेत, लिहिणाऱ्याने दोन्हीकडे एकदा तरी बघायचं!

मुद्दा 7 सून घरात असल्याने सासू-सासऱ्यांना आधार, असा आहे. असेल. आधार दोन्हीकडून असतो, एवढं म्हणून पुढे जाते.

मावशी सोमवारपासून परत यायला लागली आहे, दहा ते दोन. तिचे पैसे बहीण स्वतःच्या पगारातून देते, आधीही तीच देत होती. बादलीची गोष्ट कळली त्या रात्री मामा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून झाकणाची पिंपं आणली आणि मोरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी स्वतः ठोकली, हेही लिहायला हवं. मेसेज मात्र त्यांनी काढलेला नाही. तो गटात अजून आहे, खाली अकरा अंगठे आहेत आणि त्यातला एक माझ्या आईचा आहे. फोन करून विचारलं, तर म्हणाली, "वाचलाच नाही बाई मी. एवढ्या सगळ्यांनी दिला म्हणून दिला."