पायरेट्सचा आखडता हात
दर हिवाळ्यात तेच! बेसबॉलचा हंगाम संपला की मोठे संघ खेळाडूंसाठी थैल्या मोकळ्या सोडतात आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाचे व्यवस्थापन मात्र हात आखडून बसते. २०२५ मध्ये पायरेट्सचा गोलंदाज पॉल स्कीन्सने नऊ डावांमागे सरासरी अवघ्या १.९७ धावा दिल्या, सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार पटकावला, आणि तरीही त्याच्या नावावर दहा विजयांसोबत दहा पराभव लागले, कारण त्याच्यामागे धावा काढणारे फलंदाज कोणी आणलेच नव्हते. अशा गोलंदाजाची ही परवड बघवत नाही. जानेवारी २०१८ मध्ये गोलंदाज गेरिट कोल आणि फलंदाज अँड्र्यू मॅकचन या संघाच्या दोन्ही ताऱ्यांना तीन दिवसांच्या आत दुसऱ्या संघांच्या हवाली केले होते. स्कीन्सचेही तेच करायचे असेल, तर मालक बॉब नटिंग यांनी तसे आत्ताच स्पष्ट सांगावे.